सर्व्हरवर काय चालतं, ब्राउझरमध्ये काय चालतं: नवशिक्यांनी करून बघायच्या पायऱ्या

वेब डेव्हलपमेंट शिकायला घेतलं की सुरुवातीलाच दोन याद्या हातात पडतात. क्लायंट-साइड: एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट. सर्व्हर-साइड: पीएचपी, पायथन, जावा, रुबी, सी शार्प, गो, नोड. मुलाखतीपुरत्या त्या पाठ करायला हरकत नाही, पण प्रत्यक्ष कोड लिहिताना त्या फारशा कामाला येत नाहीत. एक तर एचटीएमएल आणि सीएसएस या प्रोग्रामिंग भाषाच नव्हेत. पहिलीतून पानावर काय आहे ते सांगायचं, दुसरीतून ते दिसावं कसं ते. शिवाय नोड ही भाषा नाही. जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या बाहेर चालवण्याची ती सोय आहे, म्हणजे जावास्क्रिप्ट दोन्ही याद्यांत बसली.

तेव्हा याद्या बाजूला ठेवा आणि कोडच्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: ही ओळ कोणाच्या मशीनवर चालणार? 'माझ्या सर्व्हरवर' असं उत्तर आलं तर ती ओळ वापरणाऱ्याला दिसत नाही, बदलता येत नाही, आणि तिला डेटाबेस, फाइली, पासवर्ड यांच्यापर्यंत पोचता येतं. 'वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये' असं उत्तर आलं तर ती ओळ त्याला वाचता येते, बंद पाडता येते, हवी तशी फिरवताही येते. मात्र माउसचं क्लिक, स्क्रीनची रुंदी, आत्ता टाइप झालेलं अक्षर हे तिलाच लगेच कळतं. बाकीचे फरक बहुतेक यातूनच निघतात.

खालच्या पायऱ्यांसाठी कॉम्प्युटर लागेल. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ही साधनं सहसा नसतात.

पायरी १: दुसऱ्याचं पान उघडून बघा

क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये रोजच्या वापरातली एखादी वेबसाइट उघडा आणि कंट्रोल व यू एकदम दाबा. नव्या टॅबमध्ये जो मजकूर येतो तो सर्व्हरनं पाठवलेला, ब्राउझरनं हात लावण्याआधीचा असतो. आता मूळ टॅबवर येऊन एफ१२ दाबा. क्रोममध्ये एलिमेंट्स, फायरफॉक्समध्ये इन्स्पेक्टर नावाच्या भागात तेच पान दिसेल, पण जावास्क्रिप्टनं फेरफार केल्यानंतरचं. दोन्हीकडे एकच शीर्षक शोधा. सोर्समध्येही सापडलं तर ते सर्व्हरवर तयार झालेलं आहे. फक्त एलिमेंट्समध्ये सापडलं तर ते बहुतेक ब्राउझरमधल्या कोडनं घातलेलं आहे. 'बहुतेक' म्हणायचं कारण, अर्धवट लिहिलेलं एचटीएमएल ब्राउझर स्वतःच दुरुस्त करतो. तेवढे किरकोळ फरक जावास्क्रिप्टशिवायही दिसतात.

मग नेटवर्क टॅब उघडून पान रीलोड करा. यादीतली पहिली ओळ साधारणपणे पानाचीच असते. तिच्यावर क्लिक करून रिस्पॉन्स बघा. वरच्या फिल्टरमधून फेच किंवा एक्सएचआर निवडलं की पान आल्यानंतर जावास्क्रिप्टनं मागाहून मागवलेला डेटा तेवढा उरतो. तो बऱ्याचदा जेसन स्वरूपात असतो: कंसांत आणि अवतरणचिन्हांत बांधलेली नावं आणि किमती.

शेवटी जावास्क्रिप्टच बंद करून बघा. क्रोममध्ये एफ१२ची खिडकी उघडी असताना कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबा, जावास्क्रिप्ट हा शब्द इंग्रजीत टाइप करा, 'डिसेबल' असलेला पर्याय निवडा आणि रीलोड करा. काही पानं जवळजवळ तशीच दिसतील, फक्त मेन्यू उघडणार नाहीत. काही पानं कोरी होतील. कोऱ्या पानात सर्व्हरनं एक रिकामा सांगाडा आणि जावास्क्रिप्टच्या फाइली एवढंच पाठवलेलं होतं, बाकी सगळी उभारणी ब्राउझरनं केली होती. एफ१२ची खिडकी बंद केली की जावास्क्रिप्ट पुन्हा सुरू होते.

पायरी २: दोन घड्याळांचं पान

आता स्वतःचं पान. इथे मुद्दाम पीएचपी घ्या. पुढे तुम्ही पायथन शिका की नोड, पण दोन बाजूंमधली सीमा पीएचपीत जितकी उघड दिसते तितकी दुसरीकडे दिसत नाही, कारण एकाच फाइलमध्ये दोन्हीकडचा कोड शेजारी-शेजारी बसतो.

कॉम्प्युटरवर पीएचपी इन्स्टॉल करा, एक नवं फोल्डर बनवा आणि त्यात इंडेक्स नावाची, पीएचपी हे एक्स्टेन्शन असलेली फाइल ठेवा. फाइलमध्ये दोन परिच्छेद हवेत. पहिल्यात पीएचपीच्या टॅगमध्ये डेट फंक्शन वापरून तास, मिनिटं, सेकंद छापा. दुसरा परिच्छेद रिकामा ठेवून त्याला एक आयडी द्या. खाली स्क्रिप्ट टॅगमध्ये जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टमधून वेळ काढून त्या रिकाम्या परिच्छेदात भरा आणि सेटइंटरव्हल लावून हे काम दर १००० मिलिसेकंदांनी करायला सांगा.

आता फाइलवर डबल-क्लिक करू नका. किंवा एकदा कराच, काय होतं ते कळेल: ब्राउझरनुसार फाइल डाउनलोड होते किंवा आतला कोड मजकूर म्हणून समोर येतो. ब्राउझरला पीएचपी येत नाही. ती चालवायला पीएचपीचा इंटरप्रिटर लागतो आणि तो सर्व्हरच्या बाजूला असतो. त्यासाठी टर्मिनल उघडून त्या फोल्डरमध्ये जा आणि इंग्रजी अक्षरांत ही कमांड द्या: पीएचपी, मोकळी जागा, हायफनला चिकटून मोठा एस, मोकळी जागा, लोकलहोस्ट, कोलन, ८०००. मोठ्या एसऐवजी छोटा दिला तर सर्व्हर सुरूच होत नाही. हा सर्व्हर सरावापुरताच आहे, खऱ्या साइटसाठी नव्हे. मग ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत लोकलहोस्ट कोलन ८००० टाइप करा.

दोन वेळा दिसतील. एक सेकंदासेकंदाला पुढे सरकते, दुसरी जिथल्या तिथे. थांबलेली वेळ सर्व्हरची. पान तयार झालं त्या क्षणी ती मजकुरात छापली गेली आणि तिला छापणारी ओळ तिथेच संपली. रीलोड केलं की सर्व्हर ती ओळ नव्यानं चालवतो आणि नवी वेळ येते.

दोन वेळांमध्ये काही तासांचा फरक दिसला तर घाबरू नका. पीएचपीला टाइमझोन सांगितला नसेल तर ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, धरते आणि ब्राउझर वापरणाऱ्याच्या मशीनचा टाइमझोन घेतो. खऱ्या प्रकल्पांत हाच फरक तारखा एका दिवसानं मागेपुढे दाखवतो. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत साठवायची आणि दाखवताना ब्राउझरमध्ये स्थानिक वेळेत बदलायची, ही सवय आत्ताच लावून घ्या.

आता पुन्हा कंट्रोल व यू. पीएचपीची ओळ कुठेच नाही, तिच्या जागी नुसते आकडे आहेत. जावास्क्रिप्टची ओळ मात्र टिप्पण्यांसकट जशीच्या तशी. सर्व्हरवरच्या कोडचा फक्त निकाल प्रवास करतो, ब्राउझरचा कोड स्वतःच प्रवास करतो.

या पायरीतला शेवटचा प्रयोग चुकवू नका. पान उघडं ठेवून टर्मिनलमध्ये कंट्रोल व सी दाबा. सर्व्हर बंद. ब्राउझरमधलं घड्याळ तरी चालूच राहतं, कारण त्याचा कोड आधीच तुमच्याकडे आला आहे आणि त्याला आता सर्व्हरची गरज नाही. रीलोड करा, कनेक्शन नाकारल्याचा संदेश येईल आणि दोन्ही घड्याळं जातील.

पायरी ३: तीच भाषा, दुसरं मशीन

नोड इन्स्टॉल करा. एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये कन्सोल लॉगची एकच ओळ लिहा. ती फाइल पानाला जोडून ब्राउझरमध्ये चालवली तर मजकूर एफ१२च्या कन्सोलमध्ये दिसतो. टर्मिनलमधून नोडनं चालवली तर टर्मिनलमध्ये दिसतो. आपला कोड कुठे चालतोय याचा संभ्रम पडला की हीच युक्ती वापरा: एक ओळ छापा आणि ती कुठे उमटते ते बघा. मोठ्या प्रकल्पातही ही चाचणी अर्ध्या मिनिटात उत्तर देते.

त्याच फाइलमध्ये डॉक्युमेंट हा शब्द वापरून पानावरचा एखादा घटक शोधायला सांगा. ब्राउझरमध्ये चालेल, नोडमध्ये 'डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड' अशी एरर येईल. बरोबरच आहे, सर्व्हरवर पानच उघडलेलं नाही. उलट, डिस्कवरची कुठलीही फाइल वाचण्याचं नोडचं मॉड्यूल ब्राउझरला मिळत नाही, आणि ते चांगलंच आहे. नाहीतर उघडलेली प्रत्येक वेबसाइट तुमच्या फाइली चाळत बसली असती. भाषेचं व्याकरण तेच, पण हाताशी असलेली सामग्री वेगळी.

मग ब्राउझरमध्ये फक्त जावास्क्रिप्टच का? कारण भाषा चालवणारं इंजिन ब्राउझरच्या आतच असावं लागतं आणि ते सगळ्या ब्राउझरांत असावं लागतं. ब्रेंडन आइक यांनी १९९५मध्ये नेटस्केपसाठी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. १९९७मध्ये एक्मास्क्रिप्ट नावानं तिचं प्रमाण ठरलं आणि तीच सगळीकडे रुजली. जावा अ‍ॅपलेट, फ्लॅश हे प्लग-इनच्या आधारानं चालणारे पर्याय मागे पडले. अडोबीनं २०२०च्या अखेरीस फ्लॅशचा आधार थांबवला. टाइपस्क्रिप्ट ब्राउझरला थेट कळत नाही, आधी तिचं जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करावं लागतं. सी++ किंवा रस्टमध्ये लिहिलेला कोड वेबअसेम्ब्लीच्या रूपात ब्राउझरमध्ये चालवता येतो. २०१९मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं त्याला अधिकृत मान्यता दिली. नवशिक्यानं एवढ्यात त्या वाटेला जाऊ नये.

सर्व्हर तुमचा, त्यामुळे तिथे काय इन्स्टॉल करायचं ते तुम्ही ठरवता. रासमुस लेरडॉर्फ यांची पीएचपी १९९५मध्ये लोकांसमोर आली, रायन डाल यांनी क्रोमचं व्ही८ इंजिन घेऊन २००९मध्ये नोड आणलं, आणि पायथन, जावा, रुबीही तिथे सुखानं नांदतात. ब्राउझरला याचा पत्ताही नसतो. त्याला मजकूर मिळाल्याशी मतलब.

पायरी ४: 'बटण दाबलं की पीएचपी चालव' हा गैरसमज आताच काढा

नवशिक्यांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा थांबून बघू.

समजा यादीतली नोंद पुसणारं फंक्शन पीएचपीत लिहिलं आहे. पानावर 'पुसा' असं बटण आहे. स्वाभाविकपणे वाटतं की बटणाच्या ऑनक्लिकमध्ये पीएचपीचा टॅग उघडून ते फंक्शन बोलावलं की झालं. कोड चालवल्यावर एरर येत नाही, पण नोंद बटण न दाबताच गायब होते. पान नुसतं उघडलं तरी. कारण सर्व्हर फाइल वरून खाली वाचतो. ऑनक्लिक म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, तो त्याच्या दृष्टीनं साधा मजकूर आहे. पीएचपीचा टॅग दिसला की तो चालवायचा, इतकंच त्याला कळतं. फंक्शन चाललं, नोंद पुसली गेली, ऑनक्लिकमध्ये उरलं रिकामं अवतरणचिन्ह. वापरणाऱ्यानं क्लिक केलं तेव्हा सर्व्हरवरचा तो कोड कधीच संपलेला होता.

दोन कोड एकाच फाइलमध्ये असले तरी एका वेळी चालत नाहीत. आधी सर्व्हरचा पूर्ण संपतो, मग ब्राउझरचा सुरू होतो, आणि पुन्हा सर्व्हरकडून काही हवं असेल तर नवी रिक्वेस्ट पाठवावी लागते. मार्ग दोन आहेत. साधा फॉर्म पाठवायचा, ज्यात पूर्ण पान नव्यानं येतं. किंवा जावास्क्रिप्टच्या फेचनं मागच्या मागे रिक्वेस्ट पाठवायची आणि उत्तर आलं की पानाचा तेवढाच भाग बदलायचा. पुसण्यासारखं काम गेट रिक्वेस्टवर (नुसता पत्ता किंवा लिंक उघडली की जाते ती) ठेवू नका, पोस्ट किंवा डिलीट वापरा. नुसत्या लिंकवर ठेवलेलं 'पुसा' लिंकांमागे धावणाऱ्या सर्च इंजिनच्या बॉटनंही दाबलं जाऊ शकतं.

उलट दिशेचं काम सोपं आहे. पीएचपीतली किंमत जावास्क्रिप्टला हवी असेल तर जेसन एनकोड फंक्शनमधून ती स्क्रिप्ट टॅगमध्ये छापा. हातानं अवतरणचिन्हं जोडत बसू नका. मजकुरात एखादं अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ आली की पूर्ण स्क्रिप्ट मोडते.

फेच वापरताना एक खाचखळगा आहे. सर्व्हरनं ४०४ किंवा ५०० असं उत्तर दिलं तरी फेच त्याला अपयश मानत नाही. नेटवर्कच तुटलं तर मानतो. त्यामुळे रिस्पॉन्सचा ओके हा गुणधर्म दर वेळी तपासा. तो न तपासता उत्तर जेसन समजून वाचायला गेलात तर जेसनच्या जागी एररचं एचटीएमएल पान हाती येतं आणि 'अनएक्स्पेक्टेड टोकन' असा तिसरीकडेच बोट दाखवणारा संदेश मिळतो.

पायरी ५: कामांची वाटणी

सवलतीचं कूपन असलेला ऑर्डरचा फॉर्म घ्या. वापरणाऱ्यानं संख्या २ची ३ केली की एकूण रक्कम लगेच बदलायला हवी. हे ब्राउझरचं काम. प्रत्येक बदलासाठी सर्व्हरकडे गेलात तर पान अडखळत चालेल. ईमेलमध्ये @ नाही हे टाइप करतानाच सांगणं, तेही ब्राउझरचं. कूपन खरं आहे का, ते आधी वापरलं गेलंय का, माल शिल्लक आहे का, हे सर्व्हरचं. आणि अंतिम रक्कम? ती ब्राउझरमध्ये दाखवली तरी सर्व्हरवर पुन्हा काढायची, डेटाबेसमधली किंमत घेऊन.

का, ते स्वतःच्या सराव-पानावर बघा. फॉर्ममध्ये हिडन प्रकारच्या फील्डमध्ये ५०० ही किंमत ठेवा. पान उघडा, एलिमेंट्समध्ये त्या ५००वर डबल-क्लिक करा, ५ लिहा आणि फॉर्म पाठवा. सर्व्हरनं आलेला आकडा तसाच घेतला तर ऑर्डर ५ला गेली. यासाठी हॅकर असावं लागत नाही. शिवाय ब्राउझर न वापरता टर्मिनलमधल्या कर्लसारख्या साधनातून थेट रिक्वेस्ट पाठवता येते, म्हणजे तुमची जावास्क्रिप्टमधली सगळी तपासणी त्या वाटेवर लागतच नाही. ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी, सर्व्हरवरची सुरक्षेसाठी. एकीनं दुसरीची सुट्टी होत नाही.

आता तपासणी दोन्हीकडे लिहायची म्हटल्यावर ती दोन्हीकडे सारखी हवी, आणि इथे देवनागरी आपली परीक्षा घेते. 'मराठी' हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. जावास्क्रिप्टची लेंग्थ ५ सांगते, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. पीएचपीचं एसटीआरलेन १५ सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. नावाला २० अक्षरांची मर्यादा घातलीत तर ब्राउझर सुखानं सोडतो आणि सर्व्हर सातव्या चिन्हालाच अडवतो. इंग्रजी नावं टाकून केलेल्या चाचणीत हे कधीच सापडत नाही. पीएचपीत एमबीनं सुरू होणारी, बहुबाइट मजकुरासाठीची फंक्शनं वापरा म्हणजे तिथेही ५ येईल. जाता जाता: पासवर्ड ओळखता न येणाऱ्या रूपात साठवण्यासाठी लोकप्रिय असलेलं बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच विचारात घेतं, म्हणजे देवनागरी पासवर्डची २४ चिन्हं.

पायरी ६: गुपितं कुठे ठेवायची

डेटाबेसचा पासवर्ड, पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची गुप्त की (पासवर्डसारखाच गुप्त मजकूर), ईमेल पाठवण्याची की या ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमध्ये कधीही नकोत. कोड मिनिफाय करून एका ओळीत दाबला तरी तो लपत नाही. नेटवर्क टॅबमध्ये फाइल उघडून शोधलं तर गुप्त की मिळते.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे कोडच्या बाहेर ठेवलेल्या किमती, यांबद्दलही गैरसमज आहे. डॉट ईएनव्ही (.env) फाइलमध्ये ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं असं नव्हे. वीट (Vite) या बिल्ड करणाऱ्या साधनात ज्या नावाच्या सुरुवातीला VITE_ असतं, किंवा नेक्स्ट (Next.js) या फ्रेमवर्कमध्ये NEXT_PUBLIC_ असतं, ती किंमत बिल्ड करताना ब्राउझरच्या फाइलमध्ये कोरली जाते. गुप्त की लागणारं काम असेल तर ब्राउझरनं तुमच्या सर्व्हरला विचारायचं, तुमच्या सर्व्हरनं त्या सेवेला.

लॉगिनचं तसंच. पासवर्ड तपासणं सर्व्हरवर, आणि साठवायचा तो बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२नं केलेला हॅश, म्हणजे ज्यातून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असं रूप. एचटीटीपी प्रत्येक रिक्वेस्ट नवी समजतो, मागचं काही लक्षात ठेवत नाही. म्हणून लॉगिन झाल्यावर सर्व्हर सेशनचा क्रमांक कुकीत देतो आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टबरोबर ती परत पाठवतो. त्या कुकीला एचटीटीपी-ओन्ली, सिक्युअर आणि सेमसाइट हे गुण लावा. पहिल्यामुळे पानावरच्या जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही. कुकीत साधारण ४ केबी मावतात. लोकल स्टोरेजमध्ये सुमारे ५ एमबी मावतात, पण ते पानावर चालणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टला खुलं असतं, त्यामुळे तिथे रंगसंगतीसारख्या किरकोळ आवडीनिवडी ठेवा. 'अ‍ॅडमिन आहे' असं लोकल स्टोरेजमध्ये लिहून त्यावर विसंबणारा कोड अजूनही आढळतो. वापरणारा ती ओळ स्वतः लिहू शकतो.

बिघडलं की कुठे बघायचं

एरर सर्व्हरची की ब्राउझरची, हे ठरवल्याशिवाय शोधाशोध सुरू करू नका. बटण दाबूनही काहीच होत नाही: आधी कन्सोल. तिथे लाल ओळ असेल तर ब्राउझरचा कोड. नसेल तर नेटवर्क टॅबमध्ये रिक्वेस्ट गेली का ते बघा. गेली आणि ५०० आलं तर खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये किंवा टर्मिनलमध्ये आहे, ब्राउझरमध्ये शोधून सापडणार नाही. ४०४ म्हणजे पत्ता चुकला, ४०१ म्हणजे लॉगिन नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही. ५०२ किंवा ५०४ म्हणजे पुढे उभ्या असलेल्या सर्व्हरला मागच्या तुमच्या प्रोग्रामकडून नीट किंवा वेळेत उत्तर मिळालं नाही. बहुधा तो बंद पडलाय.

कॉर्सची (CORS, एका ठिकाणच्या पानानं दुसऱ्या ठिकाणचं उत्तर वाचण्याबद्दलचा ब्राउझरचा नियम) एरर सगळ्यांना एकदा रडवते. फ्रंटएंड, म्हणजे ब्राउझरकडचं पान, ३००० पोर्टवर आणि सर्व्हर ८०००वर असला तर ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी ठिकाणं आहेत, कारण ठिकाण ठरतं ते प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट या तिघांवर. एरर ब्राउझरमध्ये दिसते, पण उपाय सर्व्हरवर आहे: कोणत्या ठिकाणाला उत्तर वाचू द्यायचं ते त्यानं हेडरमध्ये सांगायचं असतं. कर्लमधून तीच रिक्वेस्ट बिनबोभाट चालते, कारण हा नियम ब्राउझर पाळतो, सर्व्हर नव्हे. जेसन पाठवताना ब्राउझर आधी ऑप्शन्स प्रकारची चौकशीची रिक्वेस्ट पाठवतो. तिला उत्तर द्यायला सर्व्हर विसरला की मूळ रिक्वेस्ट निघतच नाही.

कोड बदलला तरी जुनंच दिसतं, याची कारणं दोन्हीकडे वेगळी. ब्राउझरनं जुनी फाइल कॅशेत ठेवली असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर. नोडचा प्रोग्राम मात्र बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, कारण त्यानं फाइल सुरुवातीलाच वाचलेली असते, आवृत्ती १८.११पासून वॉच हा पर्याय देऊन हे आपोआप होतं. पीएचपीत सरावाच्या सर्व्हरवर ही अडचण नाही, दर रिक्वेस्टला फाइल नव्यानं चालते. त्याऐवजी पीएचपी 'हेडर्स ऑलरेडी सेंट' म्हणून रुसते. सुरुवातीच्या टॅगआधी सुटलेली एक रिकामी ओळही त्याला पुरते, कारण ती ओळ म्हणजे पाठवायला सुरुवात झालेला मजकूर, आणि कुकी वगैरे त्याच्या आधी जावी लागते.

नेक्स्टसारख्या फ्रेमवर्कमध्ये एकच कंपोनंट आधी सर्व्हरवर आणि मग ब्राउझरमध्ये चालू शकतो. त्यात चालू वेळ किंवा यादृच्छिक आकडा छापला तर दोन्हीकडचा निकाल जुळत नाही आणि हायड्रेशनची (सर्व्हरनं पाठवलेल्या पानाला ब्राउझरमधला कोड जोडण्याची) एरर येते. दोन घड्याळांचा प्रयोग केला असेल तर ती वाचताक्षणी कळते. अशा गोष्टी पान ब्राउझरमध्ये उभं राहिल्यानंतरच भरा. फ्रेमवर्कला हात लावायच्या आधी साध्या जावास्क्रिप्टमधून फेच आणि एक सर्व्हर-भाषा एवढं हातात बसवा, मग फ्रेमवर्क जादू वाटत नाहीत.

साइट चढवताना

होस्टिंग घेण्याआधी तिथे सर्व्हरवरचा कोड चालतो का ते बघा. गिटहब पेजेससारखी स्टॅटिक होस्टिंग फाइली आहेत तशा वाढते. तिथे एचटीएमएल, सीएसएस आणि ब्राउझरची जावास्क्रिप्ट चालेल, पीएचपी किंवा पायथन चालणार नाही. नोड आणि पायथनच्या प्रोग्रामना सहसा सतत चालू राहणारी प्रोसेस लागते, तीही सोय विचारून घ्या.

आणि चढवल्यावर लगेच ही तपासणी करा. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन डॉट ईएनव्ही टाइप करा. ४०४ किंवा ४०३ यायला हवं. फाइलमधला मजकूर दिसला तर ती उघड्या फोल्डरमध्ये पडली आहे: फाइल त्या फोल्डरच्या बाहेर हलवा, त्यातले सगळे पासवर्ड आणि की त्याच दिवशी बदला. नुसती हलवून भागत नाही, मधल्या वेळेत कोणी उतरवून घेतली असेल ते तुम्हाला कळणार नाही. पीएचपीच्या एखाद्या पानाचाही सोर्स एकदा बघा. त्यात पीएचपीचा टॅग दिसला तर सर्व्हर कोड चालवण्याऐवजी वाटत सुटलाय, साइट तिथल्या तिथे बंद करा आणि इंटरप्रिटरची सेटिंग तपासा.